शालिनीताई, तुम्ही मला घडवलं नाहीत

शालिनीताई,

रविवारी तुमच्या शोकसभेत मी बोलले नाही. इथल्या मराठी मंडळाच्या सेक्रेटरींनी मला न विचारताच माइकवर जाहीर करून टाकलं, "आता शालिनीताईंची सगळ्यात आवडती विद्यार्थिनी आणि त्यांची भावजय, आपली मेघना, दोन शब्द बोलेल." मी बसल्या जागेवरून मान हलवली. हॉलमधल्या सगळ्यांनी हळहळून माझ्याकडे पाहिलं. बिचारीला बोलवतही नाहीये, असं वाटलं त्यांना. मागच्या खुर्चीवरच्या एका काकूंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "त्यांनीच घडवलं ना गं तुला," त्या म्हणाल्या. "आईच्या जागी होत्या."

मला रडू येत नव्हतं ताई, राग येत होता. समोर टेबलावर तुमचा निळ्या साडीतला फोटो, त्यात तुम्ही किंचित मान वर करून हसताय, आणि माणसामागून माणूस उठून सांगतोय की तुम्ही त्याचं आयुष्य कसं मार्गी लावलंत. कुणाचा मुलगा फार्मसिस्ट झाला, कुणाची सून रेडिओग्राफर. सगळं खरं होतं, म्हणून जास्तच चीड येत होती. माझ्या बाबतीत तेवढं खोटं आहे. माझ्या वाटेत तुम्ही आडव्या उभ्या राहिलात. मी वळसा घालून पुढे गेले, तर तिथेही तुम्हीच हजर, गळ्यात हार घालायला.

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी तुमच्याबद्दल बोलत नाहीये, तुमच्याशी बोलतेय. आणि यातलं बरंचसं तुमच्या तोंडावर बोलून झालेलं आहे, त्यामुळे हे पाठीमागचं बोलणं नाही.

आम्ही नॉटिंगहॅमला आलो तेव्हा पहिले काही महिने तुमच्याच घरी राहिलो. समीरला इथे प्रोजेक्ट मिळाला याचा तुम्हाला केवढा आनंद झाला होता. धाकटा भाऊ त्याची बायको-मुलगी घेऊन एकट्या बहिणीच्या गावात येतोय, म्हणून तुम्ही वरची खोली रंगवून घेतली होतीत. ईराला शाळेत घालायला माझ्याबरोबर तुम्ही आलात. जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवायला तुम्ही आलात. मला गाडी तुम्ही शिकवलीत, तुमच्या स्वतःच्या गाडीवर, आणि राउंडअबाउटवर मी घाबरून मध्येच ब्रेक मारला तेव्हा मागच्या ड्रायव्हरला काच खाली करून तुम्ही जे सुनावलंत ते आठवून मला आजही हसू येतं. ते सगळं मी विसरलेले नाही. तुम्ही विसरू दिलंही नाहीत म्हणा. चारचौघांत "ही आली तेव्हा हिला बसचं तिकीट काढता येत नव्हतं" हे वाक्य तुमच्या तोंडून मी इतक्या वेळा ऐकलंय की ते आता मलाच माझ्याबद्दलचं पहिलं सत्य वाटतं.

अकोल्याला मी बी.कॉम. केलं होतं, कारण सायन्स कॉलेज घरापासून लांब होतं आणि बाबांना ते चालणार नव्हतं. ही गोष्ट मी तुम्हाला तुमच्याच किचनमध्ये मेथी निवडताना सांगितली होती. तुम्ही लगेच म्हणालात, "मग आता कर ना. आमच्या कॉलेजात ॲक्सेस कोर्स आहे. एक वर्ष. तिथून डिग्रीला जाता येतं." मेथीची जुडी तशीच टाकून मी तुमच्याकडे बघत राहिले होते. हे तुम्हीच सुचवलंत, मी कधी नाकारलं नाही. पण बी दिलं म्हणून कोंब खुडायचा हक्क मिळत नाही.

कॉलेज हे तुमचं राज्य होतं. खाली हेअरड्रेसिंग आणि प्लंबिंगचे वर्ग, वर बायोलॉजीची लॅब. जिन्यावर केसांच्या रंगाचा वास, वर गेलं की ब्लीचचा. आमच्या वर्गात सगळेच मोठ्या वयात शिकायला परत आलेले. टॅक्सी चालवणारा एक जण, दोघी-तिघी वृद्धांच्या केअर होममध्ये काम करणाऱ्या, एक जण सैन्यातून बाहेर पडलेला. माझ्या शेजारी डोना बसायची. ती इथलीच, नवरा सोडून गेलेला, पदरात मुलं. या गावातल्या सगळ्यांसारखी ती प्रत्येकाला लाडाने 'डक' म्हणायची, तुम्हालासुद्धा. वर्गातले सगळे तुम्हाला नावाने हाक मारायचे. "शॅल, हे परत सांग ना." मला ते जमेना. पहिल्याच दिवशी गाडीत तुम्ही बजावलं होतंत, "कॉलेजात ताई म्हणायचं नाही. मी तिथे तुझी कुणी नाही." त्यामुळे अख्खं वर्ष मी तुम्हाला कशानेच हाक मारली नाही. हात वर करून वाट बघायचे. आणि तुम्ही सगळ्यांचे हात संपल्यावर माझ्याकडे बघायचात.

शिकवायचात मात्र अशा की माणूस जागचा हलू नये. हे मला लिहावंच लागेल, नाहीतर बाकीचं कुणाला खरं वाटणार नाही. तुम्ही खाटकाकडून कोकराची हृदयं आणली होतीत, प्रत्येक बाकावर एक. मी जन्मात मटणाला हात लावलेला नव्हता. डोनाने सरळ कापायला घेतलं आणि मी भिंतीला टेकून उभी. तुम्ही माझ्यामागे येऊन थांबलात आणि वर्गात पहिल्यांदा आणि शेवटचं मराठीत बोललात, अगदी हळू. "घाबरू नकोस. ते आता कुणाचंच नाही." मग माझं बोट धरून तुम्ही ते वरच्या जाड नळीत घातलंत. आत कुठेतरी पातळ, ओलसर पडदा बोटाला लागला. "ही झडप. एकाच बाजूला उघडते. आयुष्यभर." मी बोट बाहेर काढलं तेव्हा माझी भीती गेली होती. त्या दुपारी मी ट्रामने घरी न जाता चालत गेले. मला माझ्या छातीतलं ते चालू असलेलं काम ऐकायचं होतं.

आणि तो दिवस, जेव्हा तुम्ही बोर्डवर मोठ्या अक्षरांत विचारलंत, बायोलॉजी शिकून काय होता येतं? वर्ग म्हणाला, डॉक्टर, नर्स. तुम्ही हसलात आणि बोर्ड भरत गेलात. रक्त काढणारे, क्ष-किरण काढणारे, सुईणी, औषधांच्या दुकानातले टेक्निशियन, नळाचं पाणी तपासणाऱ्या लॅब, सँडविचच्या फॅक्टरीत जंतू शोधणारे, शाळांमधले लॅब टेक्निशियन. "डॉक्टर हा या बोर्डाचा एवढासा कोपरा आहे," तुम्ही म्हणालात. मग कडेला तुम्ही लिहिलंत, बायोमेडिकल सायंटिस्ट. ज्याला पेशंट कधी बघत नाही, पण ज्याच्याशिवाय पेशंटला काय झालंय हे डॉक्टरला कळत नाही, असा माणूस. मी ते वाचलं आणि मला कळलं की मला हेच व्हायचंय. ते दार मला तुम्ही दाखवलंत ताई. म्हणून तर ते तुम्हीच लावून घेतलंत याचा राग जात नाही.

दिवाळीनंतरचा रविवार होता. तुमच्या घरी जेवायला आम्ही तिघं आणि मंडळातलं एक जोडपं. तुम्ही मसालेभात केला होतात. त्या बाईंनी सहज विचारलं, "काय मग मेघना, कॉलेज संपल्यावर पुढे काय?"

"बायोमेडिकल सायन्सच्या डिग्रीला अप्लाय केलंय," मी म्हणाले. मला आठवतं, मी ते वाक्य म्हणताना जरा ताठ बसले होते.

"केलंय खरं तिने," तुम्ही भाताचा डाव हातात घेऊन म्हणालात. "पण मी युनिव्हर्सिटीला पाठवायच्या रेफरन्समध्ये डिग्रीसाठी शिफारस केलेली नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे मी कळवलंय की तिने आधी लॅब असिस्टंट वगैरे काहीतरी करावं. डिग्री तिला आत्ता झेपणार नाही. समीर, भात घे."

समीरने भात घेतला.

"मला आत्तापर्यंत सगळीकडे डिस्टिंक्शन आहे, ताई."

"सोप्या युनिट्सना आहे. केमिस्ट्री पुढेच आहे. मी अंदाज मेरिटचा दिलाय, डिस्टिंक्शनच्या एक पायरी खाली."

"हे मला आधी सांगायचं होतंत."

"आता सांगतेय ना."

"सगळ्यांसमोर?"

"त्यात लपवायचं काय? घरचीच माणसं आहेत."

त्या बाईंनी पाण्याचा ग्लास उचलला आणि खाली ठेवला. ईरा म्हणाली, "आत्या, मला पापड." तुम्ही उठून तिला पापड दिलात, मोडून, लहान तुकडे करून, जसा तिला आवडायचा तसा. मी ताटावरून उठले, मागच्या दाराने तुमच्या बागेत गेले आणि थंडीत बिनकोटाची उभी राहिले. कुणी बाहेर आलं नाही. खिडकीतून मला तुम्ही दिसत होतात. तुम्ही सगळ्यांना ताक वाढत होतात.

गाडीत समीर म्हणाला, "ती त्या फील्डमधली आहे. तिला कळत असेल." त्यावरून आमचं जे भांडण झालं ते तुम्हाला कधी कळलं नाही. पण ते संपलं, कारण काही दिवसांनी तो स्वतःहून म्हणाला, "मी घाबरलो गं तिला. लहानपणापासून घाबरतो." एवढंच. एवढं एखादं वाक्य तुमच्याकडून आलं असतं ना, तर मी हे सगळं आज लिहीत बसले नसते.

युनिव्हर्सिट्यांचे नकार आले. डोनाला जागा मिळाली. तिला माझ्यापेक्षा जास्त मार्क नव्हते, हे तिनेच मला सांगितलं, आणि वर म्हणाली, "तुझी नणंद ना, फार खडूस बाई आहे, डक." मी तुम्हाला जिन्यावर गाठलं. वर्गात नाही, घरी नाही, मुद्दाम मधल्या जागी.

"डोनाला झेपतं आणि मला नाही?"

तुम्ही हातातल्या फाइल्स दुसऱ्या हातात घेतल्यात. "डोनाला हे हवंच आहे. तिच्यामागे कुणी नाही. तुला समीर आहे."

"म्हणजे तुम्ही मार्कांचा अंदाज नवरा बघून देता?"

"हळू बोल. हे कॉलेज आहे."

"मग तुम्हीच मोठ्याने सांगा ना, मला समीर आहे म्हणून मी शिकायचं नाही."

"शिकू नको असं मी म्हणाले नाही. घर मोडेल इतकं शिकू नको, एवढंच." आणि तुम्ही वर निघून गेलात, पायऱ्यांवर तुमचे बूट वाजवत.

घर मोडेल. तुम्ही कुणाच्या घराबद्दल बोलत होतात, हे मला तेव्हा कळलं नाही. तुमचं लग्न मोडल्याला तोवर बरीच वर्षं झाली होती, आणि आमच्या घरात त्या विषयाला हात लावायची पद्धत नव्हती.

उन्हाळ्यात निकाल लागला. केमिस्ट्रीसकट जवळपास सगळीकडे डिस्टिंक्शन. तुम्ही केक घेऊन घरी आलात. "छान केलंस," म्हणालात, जणू पैज माझी आणि तुमची एकाच बाजूने होती. मी केक कापला नाही. ईराने कापला. उशिरा अर्ज घेणाऱ्या एखाद्या युनिव्हर्सिटीत तेव्हाही जागा मिळाली असती, मला माहीत आहे. पण माझ्यात पुन्हा कुणाकडून नाही ऐकायची ताकद नव्हती, आणि त्याच आठवड्यात हॉस्पिटलच्या लॅबमध्ये असिस्टंटची जागा निघाली होती. मी ती घेतली. तुम्ही जिंकलात.

तिथे मी काय करायचे? वॉर्डातून येणाऱ्या नळ्या मोजायच्या, लेबल बघायचं, बारकोड लावायचा, मशीनमध्ये फिरवायच्या. नाव चुकलं असेल तर वॉर्डाला फोन करून शिव्या खायच्या. काम वाईट नव्हतं, माणसंही चांगली होती. पण काचेपलीकडे बायोमेडिकल सायंटिस्ट बसायचे आणि मी रोज त्या काचेपर्यंत ट्रे घेऊन जायचे आणि परत यायचे. मग हॉस्पिटलनेच मला नोकरी करता करता डिग्रीला बसवलं, आठवड्यातून एक दिवस युनिव्हर्सिटी. जे तीन वर्षांत झालं असतं त्याला त्याच्या दुपटीहून जास्त वर्षं लागली. ईराच्या शाळेच्या नाटकांना समीर एकटा गेला. पोळ्या तो करायला शिकला, आधी नकाशांसारख्या, मग गोल. मी रविवारी टेबलावर पसारा मांडून बसायचे आणि ईराला तुम्ही घेऊन जायचात. तेही तुम्हीच केलंत, हो. कांद्याच्या पापुद्र्यापासून तळ्यातल्या पाण्यापर्यंत सगळं तुमच्या जुन्या मायक्रोस्कोपखाली तुम्ही तिला दाखवलंत. ती घरी येऊन मला शिकवायची, आणि ते मी आधीच शिकलेय हे तिला न सांगता मी ऐकायचे.

घर मोडलं नाही ताई. जरा पोळी जळाली, एवढंच.

बायोमेडिकल सायंटिस्ट म्हणून माझं रजिस्ट्रेशन झालं त्या वर्षीच्या गणपतीत मंडळाने माझा सत्कार ठेवला. मला नको होता. तुम्ही माइक घेतलात. "मीच हिला सांगितलं होतं, आधी लॅबमध्ये जा, डिग्रीच्या मागे धावू नकोस. बघा, आज दोन्ही आहे." टाळ्या. तुम्ही मला मिठी मारलीत आणि तुमच्या खांद्यावरून मला सगळा हॉल टाळ्या वाजवताना दिसत होता. घरी परतताना मी तुम्हाला म्हणाले, "हे खोटं होतं." तुम्ही म्हणालात, "कशात खोटं? डोनाचं बघ. डिग्री झाली, पण हॉस्पिटलमध्ये ट्रेनिंगची जागा मिळाली नाही. आज कुठे आहे ती? सँडविचच्या फॅक्टरीत. तुला मी तिथून वाचवलं."

हे उत्तर तुमच्याकडे तयार होतं म्हणजे तुम्हीही यावर विचार करत होतात, एवढं मला त्या दिवशी समजलं. पण डोनाला विचारलं होतंत का? मी विचारलं होतं. ती त्या फॅक्टरीच्या लॅबची प्रमुख आहे. कोंबडीच्या सँडविचमध्ये जंतू सापडला तर अख्खी लाइन बंद करायचा अधिकार तिचा. ती म्हणाली, "मी एकदा तीन लॉऱ्या परत बोलावल्या, डक, मॅनेजर रडकुंडीला आला होता." एवढी खूश बाई मी कमी पाहिली आहे. तुमच्या उदाहरणातली बिचारी डोना मला आजवर भेटलेली नाही.

आणि समजा, तुमचं बरोबर निघालं. समजा, डिग्रीला गेले असते तर मीही ट्रेनिंगच्या जागेसाठी वणवण केली असती. तरी ती माझी वणवण असती. शेवट बरा झाला म्हणून मधला अन्याय न्याय होत नाही. हे मी तुम्हाला म्हणाले होते. तुम्ही गाडीचा रेडिओ लावलात.

मग तुमचं आजारपण. हाडांच्या आतली मज्जा रक्त बनवायचं विसरत चालली होती. माझ्याच हॉस्पिटलच्या डे युनिटमध्ये, दिवसापुरतं बोलावून, तुम्हाला रक्त चढवायला सुरुवात झाली, आधी महिन्यातून एकदा, मग वरचेवर. मी तोवर रक्तपेढीच्या लॅबमध्ये आले होते. तुमची नळी आमच्याकडेच यायची, दात्याच्या रक्ताशी जुळवून बघायला. घरच्या माणसाचं सॅम्पल आमच्यात दुसऱ्याला देतात. तुमचं नाव दिसलं की मी उठायचे आणि नळी मार्टिनकडे द्यायचे. मार्टिन जुना सहकारी, कमी बोलणारा. त्याला वाटायचं मला बघवत नाही. खरं सांगू? नियम नसता तरी मी ती त्यालाच दिली असती. तुमच्यासाठी आणखी काही करायची, आणि मग ते तुमच्या भाषणात ऐकायची, माझी तयारी नव्हती.

एका दुपारी ब्रेकमध्ये मी तुम्हाला भेटायला वर आले. खिडकीजवळच्या खुर्चीत तुम्ही, हाताला लाल नळी. नर्स मला म्हणाली, "तू मेघना ना? शॅल नेहमी सांगते, माझं रक्त माझी भावजय तपासते, म्हणून मला भीती वाटत नाही." तुम्ही माझ्याकडे बघून हसत होतात.

"नाही," मी नर्सला म्हणाले. "मी नाही तपासत. माझा सहकारी तपासतो."

तुमचं हसू गेलं. नर्सने बॅग बघितली, काहीतरी लिहिलं आणि ती पुढच्या पेशंटकडे गेली. मला त्याचं वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही. माझ्या नावावर तुम्ही बरंच काही सांगितलंत, एकदा तरी कुणीतरी ते दुरुस्त करायला हवं होतं.

तुम्ही मान खिडकीबाहेर कार पार्ककडे वळवलीत. मग म्हणालात, "विचार."

"काय?"

"तुला जे विचारायचंय ते. इतकी वर्षं तोंडावर घेऊन फिरतेस."

मी विचारलं. "मला तुम्ही खरंच मेरिटची समजत होतात?"

"नाही," तुम्ही म्हणालात. लगेच. जराही न थांबता. मला वाटलं होतं तुम्ही वाद घालाल. "तू डोनापेक्षा हुशार होतीस. त्या वर्षी सगळ्यांत तूच हुशार होतीस."

"मग?"

"मी पुण्याहून एम.एस्सी. करून आले होते. झूऑलॉजी, पहिल्या वर्गात. इथे रिसर्च करायचं म्हणून लॅबमध्ये बाटल्या धुवायला राहिले. आज घेतील, उद्या घेतील. रात्रंदिवस तिथेच. नवरा म्हणाला, घर की लॅब? मी लॅब म्हणाले. तो गेला, आणि मग लॅबनेही घेतलं नाही." तुम्ही मोकळ्या हाताने शाल ओढून घेतलीत. "मला कुणीतरी वेळेवर नाही म्हणायला हवं होतं. मी तुला म्हणाले."

ताई, आजूबाजूला लोक होते, एक आजोबा पेपर वाचत होते, तरी माझा आवाज चढला. "मग स्वतःला म्हणायचं होतंत! मला का? माझं आयुष्य तुमच्या चुकीचं औषध होतं का?"

आजोबांनी पेपर खाली केला. तुम्ही डोळे मिटून घेतलेत. तुम्ही काहीतरी म्हणाल म्हणून मी थांबले, ब्रेक संपून गेला तरी थांबले. तुमच्या पापण्या हलत होत्या, म्हणजे झोप लागलेली नव्हती. शेवटी मीच म्हणाले, "येते मी." तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, "डबा खाल्लास का?"

आपलं तेवढंच बोलणं शेवटचं. पुढच्या भेटींत समीर असायचा, ईरा असायची, औषधांचं बोलणं असायचं. मार्टिनला तुमच्यासाठी जुळणारं रक्त शोधायला जास्त जास्त वेळ लागत गेला. आणि मग एका सकाळी तुमचं नाव आमच्याकडे आलंच नाही.

मला तुमची कीव यावी, अशी ती गोष्ट आहे, मला कळतं. तरुण, हुशार मुलगी, परका देश, बाटल्यांचं धुणं. येतेही कधी कधी, ट्राममध्ये, अचानक. पण कीव आली की पाठोपाठ राग येतो. तुम्हाला माहीत होतं मी हुशार आहे. न ओळखता अडवलं असतंत तर मी समजून घेतलं असतं. तुम्ही ओळखून अडवलंत. माफ करणं हे ज्याला जमतं त्याने करावं. मला जमलेलं नाही, आणि तुम्ही गेलात म्हणून घाईघाईने जमवून घ्यायचं माझ्या मनात नाही.

काल ईरा लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आली. तिचे युनिव्हर्सिटीचे अर्ज चालू आहेत. तिला बायोलॉजीच करायचंय. हा विषय का निवडलास, या प्रश्नाच्या उत्तरात तिने तुमच्याबद्दल लिहिलंय, तो मायक्रोस्कोप, ते तळ्यातलं पाणी. मी वाचलं आणि परत दिलं.

"आई," ती म्हणाली, "तू संडेला बोलला का नाही? सगळे वेट करत होते."

मी तिला सांगितलं. भात, जिना, डे युनिट, सगळं. तिला झेपेल की नाही याचा अंदाज मी बांधत बसले नाही. ती ऐकत राहिली, नखाने लॅपटॉपची कड खरवडत.

"पण माझ्याशी आत्या तसा नव्हता," ती म्हणाली. तिच्या मराठीत तुम्ही नेहमी असेच असायचात, कधी तो, कधी ती, आणि तुम्ही दर वेळी सुधारायचात.

"माहीत आहे मला."

"मग मी हे डिलीट करू?"

माझ्या जिभेवर काय होतं ते तुम्हाला सांगायची गरज नाही. "नको," मी म्हणाले. "तुझ्याशी ती जशी होती तसंच लिही. आमचं भांडण तुझं नाही."

ती खाली बसून लिहायला लागली. मी चहा टाकला.

हे भांडण मी तिला देणार नाही ताई. समीरलाही नाही, त्या माइकवाल्या सेक्रेटरींनाही नाही. ते मी माझ्यापाशीच ठेवणार आहे. आणि ते ठेवायचं म्हणजे तुम्हालाही ठेवून घ्यावं लागणार. त्याला माझा इलाज नाही.